कार्बन-गुच्छांची रूपांतरे : संगणकीय अभ्यासाची चार दशके

अणुगुच्छांच्या, म्हणजे मोजक्या ते काहीशे अणूंच्या समूहांच्या, अभ्यासात 1985 हे वर्ष दोन अर्थांनी निर्णायक ठरले. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना लेसरने बाष्परूप केलेल्या ग्राफाइटमधून साठ कार्बन अणूंचा पोकळ रेणू सापडला आणि त्याच वर्षी कार व पॅरिनेलो यांनी इलेक्ट्रॉनांचे क्वांटम गणित व अणूंची हालचाल एकाच गणनेत गुंफण्याची रीत मांडली.

गणनेवर कितपत विसंबावे, हा प्रश्न वीस अणूंच्या कार्बनने उभा केला. लहान गुच्छ साखळीसारखे असतात, दहा अणूंच्या आसपास टोके जुळून कडे तयार होते आणि विसापाशी कडे, वाडगा व पिंजरा ही तिन्ही रूपे संभवतात. त्यांपैकी सर्वांत स्थिर कोणते, याचे उत्तर मात्र पद्धतीगणिक बदलले. इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात याचा पुरता हिशेब न ठेवणाऱ्या हार्ट्री-फॉक पद्धतीने कड्याला, बंध अधिक बळकट दाखवणाऱ्या स्थानिक-घनता पद्धतीने पिंजऱ्याला, तर 1995 मध्ये क्वांटम मॉन्टे कार्लो गणनेने वाडग्याला कौल दिला. पुढे 2000 मध्ये पिंजराही एका हायड्रोकार्बनपासून प्रत्यक्ष मिळवला गेला, त्यामुळे स्थिर रूपाइतकाच तिथवर पोहोचण्याचा मार्गही महत्त्वाचा ठरला. स्टोन व वेल्स यांनी 1986 मध्ये सुचवलेली, एक बंध नव्वद अंशांनी फिरून पंचकोन-षट्कोनांची जागा बदलण्याची क्रिया हा अशा मार्गाचा नमुना होय.

महाराष्ट्रात गुच्छांच्या वितळण्याचे भरीव काम पुणे विद्यापीठात दिलीप कान्हेरे यांच्या गटाने केले. त्यांचा विषय कार्बन नसून धातू होते, तरी प्रश्न तोच होता: तापवल्यावर रचना कशी मोडते? घन गॅलियम सुमारे 30 अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याचे लहान गुच्छ त्याहून कितीतरी अधिक तापमानाला टिकतात. गुच्छातील सहसंयुज बंध हे त्याचे कारण, असे या गटाने 2004 मध्ये दाखवले. अशा क्वांटम गणनांना मोठी संगणनशक्ती लागते; 1991 मध्ये पुण्याच्याच सी-डॅक या संगणन संस्थेने ‘परम 8000’ हा महासंगणक उभारल्यापासून देशी महासंगणनाला बळ मिळत गेले होते, हेही येथे नोंदवायला हवे.

टरसॉफ (1988) आणि ब्रेनर (1990) यांची, इलेक्ट्रॉनांऐवजी अणूंमधील बलांची थेट सूत्रे वापरणारी प्रारूपे मात्र साध्या संगणकावरही चालतात. त्यामुळे बागलाण तालुक्यातील नामपूरसारख्या गावीही, लेसर वा निर्वात कक्ष नसताना, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला साठ अणूंचा पिंजरा तापवून पाहता येतो. त्याने एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी: गणनेचा एक टप्पा सुमारे एक फेम्टोसेकंदाचा असल्याने दहा लाख टप्प्यांतही जेमतेम एक नॅनोसेकंद सरतो, म्हणून बंध तुटताना पाहण्यासाठी तापमान हजारो केल्व्हिनपर्यंत चढवावे लागते.