भिंत पाडण्याआधी महापालिकेचा कागद

घरात निकाह ठरला की आपण म्हणतो, मधली भिंत पाडून हॉल मोठा करू. मिस्त्रीही म्हणतो, "चार दिवसांत करून देतो, परमिशनचं टेन्शन नको."

पण त्या भिंतीत खांब दडलाय का, हे मिस्त्री अंदाजाने सांगतो, इंजिनिअर तपासून. परवानगी मागितली की इंजिनिअर आणावाच लागतो. घाटकोपरला 25 जुलै 2017 रोजी चार मजली इमारत कोसळून 17 जण गेले. तळमजल्याच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वर राहणाऱ्यांचा काय कसूर होता?

रंग, प्लास्टर, फरशीला सहसा परवानगी लागत नाही. खांब, स्लॅब, वाढीव खोली याला लागते. सोसायटीची एनओसी वेगळी.

घरपट्टी भरतो म्हणजे बांधकाम कायदेशीर, हा गैरसमज आपल्या मोहल्ल्यांत फार आहे. तसं नसतं. सार्वजनिक जागेवरची अतिक्रमणं वगैरे सोडली तर पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. चांगलंच झालं. पण त्या 15 दिवसांत दाखवायला मंजूर नकाशा हवा ना? हरवला असेल तर माहिती अधिकारात अर्ज करून प्रत मागता येते.