तलवार नसलेल्यांचे वीर

दातांत सुरा, अंगभर गोंदण आणि दोन्ही हातांनी जलद्वाराचे जाड गज वाकवत आत घुसू पाहणारा एक उघडा माणूस. कागद जेमतेम पंधरा इंच उंच आणि दहा इंच रुंद. त्या चौकटीत हा गडी मावत नाही. खांदे, दंड, मांड्या सगळं कडांना येऊन भिडलेलं. त्याचं जपानी नाव चोजुन. एका जुन्या चिनी कादंबरीतला हा दरोडेखोर पट्टीचा पोहणारा आहे आणि हांगचौ शहराच्या याच वेशीवर तो बाणांनी मारला जातो. चित्रकार उतागावा कुनियोशीने त्याच्या मरणाच्या आधीचा क्षण निवडला. गज वाकताहेत, गडी अजून जिवंत आहे.

एदोत, म्हणजे आजच्या टोकिओत, १८२७ च्या सुमारास हे पान ज्यातलं ती चित्रमाला दुकानांत लागू लागली. त्याच चिनी कादंबरीच्या, १०८ बंडखोरांच्या 'सुइकोदेन' या कथेतल्या एकेका वीराला एकेक पान. कथा लोकांना नवी नव्हती. बाकिन या लेखकाच्या जपानी आवृत्तीसाठी खुद्द होकुसाईने चित्रं काढली होती. पण पुस्तकातली चित्रं काळ्या शाईतली. कुनियोशीने एकेकाला सुटं काढून पूर्ण रंगात, पानभर उभं केलं. तोवर त्याचे दिवस हलाखीचेच होते. रेशीम रंगवणाऱ्याचा हा मुलगा, १७९८ चा जन्म, नामवंत तोयोकुनीचा शिष्य; तरी चित्रांवर पोट भरेना म्हणून जुन्या तातामी चटया दुरुस्त करून विकायचा, असं सांगतात. या मालेने त्याचं नशीब फिरलं आणि 'योद्ध्यांचा कुनियोशी' हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

ही चित्रं विकत कोण घेई? तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, राजवटीत कमरेला दोन तलवारी लावण्याचा मान सामुराईंचा. वीरांची चित्रं घेणारे होते सुतार, हमाल, दुकानदार, त्यांची पोरं आणि आग विझवायला धावणारे जवान. एका चित्राची किंमत साधारण वाडगाभर सोबा शेवयांइतकी. मला वाटतं, या कलेचं सगळं बळ इथेच आहे: शौर्य ज्यांच्या वाट्याला कायद्याने येत नव्हतं, त्यांनी ते कागदावर विकत घेतलं. आणि त्यांचे लाडके वीर कोण, तर सरकारी जुलमाला कंटाळून दलदलीत जाऊन राहिलेले बंडखोर. मूळ कादंबरीत अंगावर गोंदण असलेले वीर मोजकेच. कुनियोशीने ते अनेकांच्या अंगावर चढवलं. नऊ ड्रॅगनांचा शिशिन, फुलांनी गोंदलेला भिक्षू रोचिशिन अशी पानं पाहून एदोतल्या अग्निशामकांनी आणि मजुरांनी तशीच चित्रं स्वतःच्या पाठीवर गोंदवून घेतली. रंगाऱ्याच्या घरात कापडावरची नक्षी बघत वाढलेल्या माणसाने माणसाच्या कातडीला कापडासारखं नटवलं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

ही चित्रं लाकडी ठशांनी छापलेली. नाव चित्रकाराचं होत असलं तरी काम चार घरांचं. प्रकाशक पैसा घाली आणि विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर फक्त काळ्या रेषा काढी. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवत आणि कोरणारा त्या रेषांवरूनच पटाशी चालवी, म्हणजे मूळ चित्र कोरता कोरताच नाहीसं होई. कपड्यांच्या घड्या शागिर्दांकडे. चेहरा आणि केसांची कड मात्र उस्तादाकडे. कपाळाशी सुटणारा एकेक केस लाकडात उभा ठेवायचा म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. हात सरकला की केस गेला. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. सगळे रंग आपापल्या जागी बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खूण आणि कडेला एक सरळ खूण कोरलेली असे. ओलसर कागद दर वेळी तिथे टेकवायचा. यंत्र कुठेच नाही. बांबूच्या पानात गुंडाळलेली 'बारेन' नावाची चपटी गादी कागदाच्या पाठीवर घासून छपाई होई. आकाशाचा गडद निळा खाली उतरताना फिका होत जातो, तो छापणाऱ्याने फळीवरचा रंग पुसून साधलेला असतो. या कारागिरांची नावं बहुतेक पानांवर नाहीत, याची मला रुखरुख लागते.

पानावर सेन्सॉरचा शिक्का लागे. तेन्शो काळापासूनच्या, म्हणजे १५७३ नंतरच्या वीरांची नावं घ्यायला बंदी होती, कारण तोकुगावा घराणं सत्तेवर आलं तेच तोयोतोमी हिदेयोशीच्या वारसांना बाजूला सारून. १८०४ मध्ये हिदेयोशीची चित्रं काढल्याबद्दल उतामारोसारख्या मोठ्या चित्रकाराला पन्नास दिवस हातबेड्या पडल्या. त्यावर उपाय निघाला तो नावं किंचित बदलण्याचा. सेनानी ओदा नोबुनागाचा ओदा हारुनागा झाला, १७०३ मध्ये धन्याचा सूड उगवणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांचा, म्हणजे बिनधन्याच्या सामुराईंचा, म्होरक्या ओइशी 'ओबोशी' झाला. गिऱ्हाइकाला सगळं कळत होतं.

१८४२ मध्ये सुधारणांच्या नावाखाली नट आणि गणिकांच्या चित्रांवरही बंदी आली. पुढच्याच वर्षी कुनियोशीचं तीन पानी चित्र निघालं. दहाव्या शतकातला सेनापती राइको आजारी पडून झोपलाय, त्याच्या मागे भूमी-कोळी जाळं पसरतोय, चार सरदार पहाऱ्यावर असून त्यांतले दोघे 'गो' हा पटावरचा खेळ खेळण्यात दंग आहेत, आणि मागच्या काळोखात भुतांच्या फौजा आपसात भिडल्या आहेत. विषय तर जुन्या दंतकथेचा. पण लोकांनी झोपलेल्या राइकोत शोगुनला ओळखलं, एका सरदाराच्या वस्त्रावर सुधारणा राबवणाऱ्या मंत्री मिझुनोचं कुलचिन्ह हेरलं, आणि भुतं म्हणजे बंदीहुकमांनी धंदा बुडालेले आपण, असं वाचलं. बोभाटा झाला तसा प्रकाशकाने माल परत घेतला, ठसे नष्ट केले. नकला मात्र फिरत राहिल्या. कुनियोशीला शिक्षा झाली नाही.

माझं सर्वांत आवडतं चित्र त्यानंतरचं, १८४४ च्या आसपासचं. बंड करून मारल्या गेलेल्या ताइरा नो मासाकादोची मुलगी ताकियाशा, डावीकडे, पडक्या वाड्यात गुंडाळीवरचे मंत्र वाचते. मधोमध मित्सुकुनी हा योद्धा तिच्या माणसाशी झुंजतोय. आणि उजवीकडच्या अंधारातून बांबूचे पडदे फाडत एक प्रचंड सांगाडा वाकून आत येतो. मूळ गोष्टीत माणसाएवढ्या अनेक सांगाड्यांची फौज होती. कुनियोशीने त्यांचा एकच केला. त्याच्या बरगड्या, मणके, जबडा इतके बिनचूक की पाश्चात्य शरीरशास्त्राचं एखादं पुस्तक त्याने पाहिलं असावं असं अभ्यासक मानतात. डच पुस्तकांतली चित्रं तो वापरत असे हे तर सिद्धच झालंय. मला मात्र मित्सुकुनीची मान जास्त बोलकी वाटते. तो वळून वर बघतो, हातातल्या माणसावरची पकड सोडत नाही.

कुनियोशी १८६१ मध्ये गेला. वयाच्या अकराव्या वर्षी त्याच्याकडे आलेला योशितोशी पुढे निघाला तो वेगळ्याच जगात. १८६८ मध्ये शोगुनची सत्ता कोसळली, एदोतल्या उएनोच्या टेकडीवर शोगुनच्या बाजूचे शिल्लक लढवय्ये कापले गेले आणि त्यानंतरच्या त्याच्या मालेत जुन्या योद्ध्यांची नावं घेतलेले रक्तबंबाळ तरुण दिसू लागले. गुरूचे वीर मरतानाही देखणे होते; योशितोशीचे वीर घाबरतात, थकतात, डोळे फिरवतात. हा बदल मला घसरण वाटत नाही. त्याने प्रेतं पाहिली होती.

१८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, शेतकऱ्याच्या मुलाच्या हातात बंदूक आली. १८७६ मध्ये सामुराईच्याच कमरेची तलवार कायद्याने उतरली. १८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या युद्धात ठशांची चित्रं पुन्हा भरभरून छापली गेली, पण त्यांतले सैनिक एका गणवेशातले, एका साच्यातले. दंतकथेची ऊब त्यांत नाही. मग छायाचित्रं आली आणि बाजार संपला.

गोंदण मात्र टिकलं. सरकारने १८७२ मध्ये त्यावर घातलेली बंदी १९४८ मध्ये उठली; मधली पाऊणशे वर्षं गोंदणारे लपून सुया चालवत होते. आजही जपानी पद्धतीचं पाठभर गोंदण आखणारे कारागीर कुनियोशीची 'सुइकोदेन'ची पानं समोर ठेवतात, आणि शिशिनचे ड्रॅगन खांद्यांवरून खाली उतरतात.