मेंदूतला फुगा : ऑपरेशनच्या अलीकडे आणि पलीकडे

लेखमाला : मुलांचा मेंदू – लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण मुलांना होणारा लकवा पाहिला. मेंदूची रक्तवाहिनी बुजली की काय होते, ते समजून घेतले. आज त्याच वाहिन्यांचा उलटा आजार घेऊ. वाहिनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते, रक्ताच्या दाबाने तिथे फुगवटा येतो आणि एखाद्या दिवशी तो फुटतो. या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात. घरोघरी त्याचे नाव ‘मेंदूतली नस फुटली’ असे आहे आणि ते बहुधा साठीच्या, बीपीच्या रुग्णाबद्दल घेतले जाते. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते कुणाच्या मनातही येत नाही. यात नवल नाही, कारण मेंदूतल्या एकूण ॲन्युरिझमपैकी मुलांमधले शेकडा पाचहूनही कमी असतात. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. मुलाच्या ॲन्युरिझमचा निकाल ऑपरेशन टेबलावर अर्धाच लागतो. उरलेला अर्धा ऑपरेशनच्या अलीकडे आणि पलीकडे ठरतो. अलीकडे, म्हणजे निदान किती लवकर झाले आणि वाहिनीची भिंत मुळात कशाने बिघडली. पलीकडे, म्हणजे पुढची पन्नास-साठ वर्षे त्या मुलाकडे कोण लक्ष देणार. आणि विदर्भात आपण कमी पडतो ते या उरलेल्या अर्ध्यात.

आधी उपचार पाहू. फुटलेल्या फुगवट्यात पुन्हा रक्त शिरू न देणे, हे सर्व उपचारांचे सार आहे. १९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर चिमटा बसवला. ते क्लिपिंग. दुसरा मार्ग कॉइलिंगचा. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि तिच्यातून प्लॅटिनमची केसासारखी तार फुगवट्यात सोडतात. तार आत गेली की आपोआप वेटोळे घेते. वेटोळ्यांनी पोकळी भरत आली की आतले रक्त गोठते आणि फुगवटा बंद होतो. गुइडो गुग्लिएल्मी यांनी १९९०च्या सुमारास हे तंत्र आणले. दोन्हींत चांगले कोणते, हा प्रश्न २००२ साली ‘आयसॅट’ या २,१४३ रुग्णांच्या चाचणीने तपासला. वर्षभरानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण कॉइलिंगच्या गटात सुमारे २४ टक्के, तर क्लिपिंगच्या गटात सुमारे ३१ टक्के होते. तेव्हापासून जगभर कॉइलिंगकडे ओढा वाढला. पण त्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीपुढचे होते. त्याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात अशी शंका निघाली की चाळिशीच्या आतल्या रुग्णांत हा फायदा वर्षानुवर्षे टिकेलच असे नाही, कारण कॉइल केलेला फुगवटा काळाच्या ओघात पुन्हा उघडू शकतो. चाळिशीच्या रुग्णाबाबत ही शंका असेल, तर आठ वर्षांच्या मुलाबाबत ती कितीतरी मोठी आहे.

त्यात मुलांचा आजार जातीनेच वेगळा. मोठ्यांमध्ये ॲन्युरिझम बायकांना अधिक होतो, मुलांमध्ये मुलग्यांना. मोठ्यांमध्ये धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब भिंत झिजवतात. मुलांमध्ये डोक्याचा मार, जंतुसंसर्ग, धमनीच्या थरांत पडलेली चीर किंवा रक्ताचा जन्मजात दोष शोधावा लागतो. २५ मिलिमीटरपेक्षा मोठे फुगवटे आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवरचे फुगवटे मुलांमध्ये तुलनेने जास्त सापडतात. अशा ठिकाणी कधी क्लिप बसत नाही, कधी कॉइल टिकत नाही. मग मूळ धमनी बंद करणे, तिला वळसा देणे किंवा तिच्यात जाळी बसवणे असे पर्याय तपासावे लागतात. मुलांवर ‘आयसॅट’सारखी मोठी चाचणी झालेली नाही. हाती आहेत ते एकेका रुग्णालयाचे छोटे अनुभव. त्यांतून एवढे नक्की दिसते की वेळेत आणि शुद्धीवर असताना पोचलेली बहुतेक मुले चांगली बरी होतात. म्हणून ‘क्लिप की कॉइल’ हा वाद घालत बसण्यापेक्षा, दोन्ही करू शकणारे डॉक्टर एका टेबलाशी बसून त्या एका मुलापुरता निर्णय घेतील, अशा ठिकाणी मूल पोचवणे महत्त्वाचे आहे.

‘वेळेत’ आणि ‘शुद्धीवर’ हे दोन शब्दच आपल्याला ऑपरेशनच्या अलीकडे नेतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना खेळता खेळता मुलाने डोके धरले, ओकारी केली आणि ते मलूल पडले, तर सगळ्यांच्या तोंडी एकच येते : ऊन लागले. गडचिरोलीत हेच घडले तर संशय हिवतापावर जातो. झटका आला तर मिरगीवर, मान ताठली तर मेंदुज्वरावर. हे सगळे आजार इथे खरोखर आहेत, त्यामुळे असा अंदाज बांधणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण डोकेदुखी कशी सुरू झाली, एवढे विचारले तरी बरेच कळते. उन्हाचा किंवा तापाचा त्रास चढत जातो. फुटलेल्या नसेची डोकेदुखी क्षणात, घाव बसावा तशी सुरू होते. असे असेल तर सीटी स्कॅन त्याच दिवशी हवा, कारण पहिल्या काही तासांत तो रक्तस्राव जवळजवळ हमखास दाखवतो आणि दिवस उलटतील तसा चुकत जातो. मेंदुज्वराच्या शंकेने पाठीतले पाणी काढले आणि ते लालसर निघाले, तर सुईच लागली असेल म्हणून सोडून देऊ नये. पाणी ओळीने तीन नळ्यांत घ्यावे. पहिल्या नळीतली लाली तिसरीपर्यंत फिकी झाली तर दोष सुईचा. तिन्ही सारख्याच लाल असतील आणि रक्तपेशी खाली बसवल्यावर वरचे पाणी पिवळसर दिसले, तर रक्तस्राव मेंदूतला. ही घाई अशासाठी की उपचार न झालेला फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो, आणि दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा अधिक जीव घेतो. गडचिरोली ते नागपूर अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. चुकीच्या निदानात गेलेला एक दिवस या अंतरापेक्षा लांब पडतो.

आता मुळाकडे येऊ. विदर्भात हे मूळ अनेकदा रक्तात असू शकते. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. आज नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत ‘एसएस’ (रुग्ण) आणि ‘एएस’ (वाहक) ही अक्षरे घरातल्या माणसांना पाठ असतात. सिकलसेलच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, निरोगी पेशीसारख्या १२० दिवस जगण्याऐवजी दहा-वीस दिवसांत मोडतात आणि जाता जाता धमनीच्या आतल्या अस्तराला ओरखडत राहतात. कुठे अस्तर जाड होऊन वाहिनी अरुंद होते आणि लकवा येतो. कुठे भिंतीतला लवचीक थर तुटून फुगवटा येतो. अशा रुग्णांत ॲन्युरिझम एकाहून अधिक असण्याची शक्यता मोठी असते. उपचारही बदलतात. अँजिओग्राफी किंवा भूल देण्याआधी रक्त देऊन वाकणाऱ्या पेशींचे प्रमाण खाली आणावे लागते, शरीरातले पाणी आणि प्राणवायू कमी पडू द्यायचा नसतो. मूल सिकलसेलग्रस्त आहे हे न्यूरोसर्जनला आधी माहीत नसेल, तर उत्तम हातांनी केलेले ऑपरेशनही धोक्यात येते. ही माहिती मिळवायला काय लागते? बोटातला रक्ताचा थेंब, एका नळीत द्रावण, नळीमागे काळ्या रेघांचा कागद. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पुढची तपासणी.

यावर जाणकार दोन आक्षेप घेतील. पहिला असा की आपल्याकडचा सिकलसेल अरब-भारतीय प्रकारचा, गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असलेला आणि म्हणून सौम्य आहे. लकव्याचे अमेरिकेतले आकडे इथे लागू करू नयेत. आक्षेपात तथ्य आहे. तिथे विसाव्या वर्षापर्यंत सुमारे ११ टक्के रुग्णांना लकवा होत असे, आणि इथले प्रमाण त्याहून कमी दिसते. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सियुरिया या औषधाची जी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध केली, ती तीव्र त्रास असलेल्या मुलांवरच होती. त्यांना किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही लाभ झाला. अशी मुले इथे आहेत, म्हणूनच ती चाचणी इथे झाली. दुसरा आक्षेप असा की कानशिलावर यंत्र टेकवून रक्ताचा वेग मोजणारी डॉपलर तपासणी ॲन्युरिझम दाखवत नाही, मग तिचा उपयोग काय? ती फुगवटा दाखवत नाही, हे खरे. पण वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरवर गेलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिला लकवा ९२ टक्क्यांनी टळतो, हे १९९८ च्या ‘स्टॉप’ चाचणीने दाखवले. शिवाय तपासणीला नियमित येणाऱ्या मुलाची बदललेली डोकेदुखी कुणाच्या तरी कानावर पडते, आणि एमआर अँजिओग्राफीची वेळ त्यातूनच ठरते. सर्वच मुलांचे एमआरआय करा, असे कुणी म्हणत नाही. कुणावर नजर ठेवायची, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे मूळ हृदयात असते. जन्मजात छिद्र असलेल्या किंवा संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या मुलाच्या हृदयात जंतू वाढले, तर त्यांचे कण मेंदूच्या वाहिनीत अडकून भिंत पोखरतात. इथे फुगवटा बंद करून भागत नाही. चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. हृदयरोगाच्या मुलाचा लांबलेला ताप आणि किडलेले दात म्हणूनच क्षुल्लक समजू नयेत.

आता पलीकडचे. मुलांचा मेंदू लवचीक असतो, सगळे भरून निघते, असे आईबापांना धीर देताना म्हटले जाते. त्यात सत्य आहे, पण अर्धे. शोधनिबंधांतला ‘चांगला परिणाम’ बहुधा एवढेच सांगतो की मूल चालते, जेवते, आपले आपण आवरते. त्याला पाढे आठवतात का, फळ्यावरचे उतरवायला वेळ लागतो का, चाळीस मिनिटे लक्ष टिकते का, हे त्या मापात नसते. मुलाचा खरा निकाल शाळेत लागतो. तेव्हा घरी सोडताना स्मरण आणि एकाग्रतेची तपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी आणि शाळेला सविस्तर पत्र, हेही उपचारच मानले पाहिजेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि दीर्घकालीन मेंदूविकार दोन्ही समाविष्ट आहेत, हे शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावे. आणि मूल ठणठणीत दिसत असले तरी एमआर अँजिओग्राफी वर्षानुवर्षे चालू हवी, कारण जुना फुगवटा उघडू शकतो आणि नवा येऊ शकतो.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी एवढी यंत्रणा कशाला, असे शेवटी विचारले जाईल. पण यातली महाग वस्तू, म्हणजे ऑपरेशन, अनेक कुटुंबांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेने आवाक्यात आणली आहे. बाकी सारे स्वस्त आहे आणि त्याची चौकटही तयार आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाडीत जातातच, आणि २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम चालू आहे. त्यांच्या प्रश्नांत ‘डोके अचानक, कधी नव्हे एवढे दुखले का?’ हा एक प्रश्न घालावा, एवढीच मागणी आहे. पालकांना सांगणे असे की मुलाची फाईल जपा : सिकलसेलचा रिपोर्ट, क्लिप किंवा कॉइल कोणत्या धातूची आहे याचा कागद, पुढच्या तपासणीची तारीख. मूल मोठे होईल, गाव सोडेल, डॉक्टर बदलतील. ती फाईल त्याच्याबरोबर गेली पाहिजे.