मनाच्या उपचाराचा खर्च आणि विम्याचे कागद

घरातली तरुण मुलगी रात्र-रात्र झोपत नाही, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. हे बाहेरचे काही नाही, आजार आहे, एवढे आता वस्तीतल्या बहुतेक घरांना पटले आहे. गाडी अडते ती पैशापाशी. खाजगी समुपदेशकाची एका भेटीची फी कित्येक घरांत दिवसभराच्या मजुरीहून जास्त असते, आणि एका भेटीत काम होत नाही. मग बचत गटाचे कर्ज काढले जाते. म्हणून पैसे मोजण्याआधी काय तपासावे, ते आम्ही इथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट कायद्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 21 प्रमाणे शरीराच्या आजाराला जसा विमा मिळतो, तसाच मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे. ‘मानसिक आजार आमच्या पॉलिसीत बसत नाही’ असे कंपनीला म्हणता येत नाही.

पण इथेच गल्लत होते. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाऊन बोलणे, बाहेरून गोळ्या घेणे हा खर्च ‘ओपीडी’त मोडतो. पॉलिसीत ओपीडीचा लाभ लिहिलेला असेल तरच तो मिळतो. पॉलिसी घेण्याआधीपासून आजार असेल, तर ठरावीक वर्षे थांबावे लागते. ही मुदत जास्तीत जास्त 3 वर्षांची असते. अर्ज भरताना आजार लपवू नका. लपवलेला आजार पुढे दावा नाकारायला कारण होतो.

भरती करायची वेळ आली, तर रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे का ते आधी विचारा. यादीत असेल तर ‘कॅशलेस’ होते. यादीत नसेल तर साधारणपणे बिल आपण भरायचे आणि नंतर कंपनीकडे मागायचे. जानेवारी 2024 पासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. त्यासाठी ठरवून भरती असेल तर 48 तास आधी, आणि अचानक भरती झाली तर 48 तासांच्या आत कंपनीला कळवावे लागते. मंजुरी मिळेलच असे धरून चालू नका. विचारल्याशिवाय मात्र राहू नका.

बिल आपण भरले असेल तर हे कागद एका पिशवीत जपून ठेवा : मूळ बिले आणि पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांची बिले. कंपनीला देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढा. किती दिवसांत कागद द्यायचे ते पॉलिसीत लिहिलेले असते. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला अर्ज द्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

विमा नसेल तर उपचारच नाहीत, असे मात्र समजू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि तिथे भरती न होता बाह्यरुग्ण विभागातही दाखवता येते. घरातले कुणी कंत्राटी सफाई कामगार, सिक्युरिटी गार्ड किंवा कारखान्यात कामाला असेल, तर पगाराची स्लिप पाहा. ‘ईएसआयसी’ची कपात होत असेल तर त्या कार्डावर आश्रित कुटुंबीयांचेही उपचार होतात. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ही योजना आहे. कपात होते आणि कार्ड मात्र हातात नाही, असे असेल तर ठेकेदाराला विचारलेच पाहिजे.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचे असेल तर टेली-मानस, 14416. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही.

शेवटचे एक. पैसे संपले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. खाजगी डॉक्टरांना खर्च झेपत नसल्याचे स्पष्ट सांगा, चिठ्ठी घ्या आणि तीच चिठ्ठी घेऊन सरकारी रुग्णालयात जा. दवाखाना बदलला तरी चालेल, उपचार तुटता कामा नयेत.