जयंतीची रात्र आणि आपला थाट

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांत दोनच विषय निघतात. एक वर्गणीचा, दुसरा कपड्यांचा. तेरा तारखेच्या रात्री बारा वाजता पुतळ्यापाशी जाताना काय घालायचे, मिरवणुकीत महिला मंडळाचा रंग कोणता, रात्रीच्या गायन पार्टीला तीच साडी चालेल का, यावर जिन्यात, नळावर, गच्चीवर खल चालतो. आणि मग घरातले एखादे वडीलधारे माणूस खाटेवरून म्हणते, "एवढं नटायचं कशाला? आपण बौद्ध माणसं. साधं राहावं." पोरीबाळी हिरमुसतात, पोरे दुर्लक्ष करून बाहेर पडतात, आणि प्रश्न तसाच राहतो. यंदा त्याचा नीट विचार करावा असे आम्ही ठरवले.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. रात्रीच्या समारंभाला बघणाऱ्याचे डोळे दिपतील असा पोशाख करणे ही एक विद्या आहे. ती आपल्या माणसांनी शिकावी, कर्ज न काढता शिकावी, आणि स्वतःसाठी शिकावी.

साधेपणा ही ज्याच्याकडे निवड असते त्याची गोष्ट. आपल्या आज्यापणज्यांना ती निवड नव्हती. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात इंदूरच्या आसपासच्या गावांतील बलाई समाजाची हकिकत दिली आहे. १९२८ च्या जानेवारीत ती वर्तमानपत्रात आली होती. तिथल्या सवर्णांनी बलायांना फर्मान काढले की जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत आणि चांगले घागरे-चोळ्याही नाहीत. बलायांनी ऐकले नाही. तेव्हा त्यांचे विहिरीचे पाणी तोडले, गुरांची चराई बंद केली, आणि कित्येकांना घरदार सोडून जावे लागले. तिकडे दक्षिणेत रामनाड भागात १९३० च्या डिसेंबरात कल्लर मंडळींनी आदिद्रविडांसाठी असेच आठ निर्बंध काढले. सोने-चांदी नको, पुरुषाने गुडघ्याखाली वस्त्र नको, कोट-सदरा-बनियन नको, छत्री नको, वहाणा नकोत, बायकांनी फुले माळायची नाहीत. एक पगडीचा काठ, एक वेणी फुलांची, एवढ्याची ज्यांना धास्ती वाटली त्यांना कपड्याची ताकद आपल्यापेक्षा चांगली कळली होती, असेच म्हणावे लागेल.

हे सगळे जुने झाले असे कोणी समजू नये. २०२३ च्या मे महिन्यात गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील मोटा गावात एका दलित तरुणाने चांगले कपडे घातले आणि डोळ्यांवर गॉगल चढवला, म्हणून त्याला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. सोडवायला आलेल्या आईलाही सोडले नाही.

आता महाडची गोष्ट. १९२७ च्या डिसेंबरातील परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्यात धर्म, शिक्षण होतेच, पण लुगडेही होते. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, गळ्यात गळसऱ्यांचे ओझे, कोपरापर्यंत कथलाचे नाहीतर चांदीचे गोट, या खुणांवरून तुमची जात लांबून ओळखली जाते. त्या खुणा टाका. लुगडे घोळदार नेसा. गळसरी एक पुरे. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या. आणि दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, असा त्या सांगण्याचा मथितार्थ होता. तिथल्या तिथे बायकांनी नेसण बदलली. पुढारलेल्या घरच्या स्त्रियांनी त्यांना निऱ्या घालून दाखवल्या.

या भाषणाचा आज काही ज्येष्ठ मंडळी उलटा अर्थ लावतात. निळा फेटा बांधून, नऊवारीचा काष्टा घालून मोटारसायकलवर मिरवणुकीत निघालेली मुलगी दिसली की म्हणतात, "जे बाबासाहेबांनी सोडायला लावलं तेच ही पोर नेसून बसली." पण १९२७ साली महाराष्ट्रातल्या ब्राह्मण-मराठा बायकाही नऊवारीच नेसत होत्या. बाबासाहेबांचा आक्षेप नऊवारीवर नव्हता, लादलेल्या खुणेवर होता. या मुलीवर कोणी काही लादलेले नाही. तिने दुकानात चार साड्या उलगडून पाचवी पसंत केली आहे.

बाबासाहेबांच्या सुटाविषयी लिहायचे तर एक स्वतंत्र लेख होईल. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला, त्याचे देशभर कौतुक झाले. ज्याच्या घरी कपाट भरलेले होते त्याने ते रिकामे केले, ठीक आहे. आपल्या माणसाचे अंगच उघडे ठेवले होते. त्याने तीन तुकड्यांचा सूट घातला. गावोगावच्या पुतळ्यावर तो निळ्या रंगात कायम झाला, खिशातल्या पेनासकट. माता रमाईची गोष्ट तर आपल्या घराघरांत सांगतात. बाबासाहेबांच्या सत्काराला जायचे, नेसायला धड लुगडे नाही, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेला भरजरी फेटाच त्या साडीसारखा नेसून गेल्या. गरिबीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. आम्हाला त्यात रमाईंची नजरही दिसते. पेटीतल्या सगळ्या वस्त्रांत सर्वांत देखणे कोणते हे त्यांना अचूक कळले होते.

राहता राहिला धम्माचा प्रश्न. बौद्धाने साधेच राहावे असे कुठे सांगितले आहे? पंचशीलात दागिन्यांचा उल्लेख नाही. माला-गंध-अलंकार आणि नाचगाणे वर्ज्य करण्याचे शील अष्टशीलात येते, आणि गृहस्थ ते उपोसथाच्या दिवशी पाळतो. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून विहारात बसावे, यात शंकाच नाही. पण जयंतीची रात्र म्हणजे उपोसथ नव्हे. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीसाठी करावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यातले पाचवे अलंकार आणून देण्याचे आहे. (पुरुष वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.) अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती नीलकमळ घेतलेला पद्मपाणी बोधिसत्त्व उभा आहे, त्याचा मुकुट पाहा, गळ्यातले मोती पाहा. श्रावस्तीच्या विशाखेकडे महालता नावाचा अलंकार होता. ती तो विहारात विसरली, मग परत घेईना, विकायला काढला तर एवढी किंमत देणारा कोणी मिळेना. शेवटी नऊ कोटी तिनेच भरले आणि त्या पैशातून पूर्वाराम विहार उभा राहिला, असे अट्ठकथेत आहे. नटणारी बाई दानशूर नसते असे कोणी म्हटले तर विशाखेचे नाव सांगावे. आणि १९५० मध्ये महाबोधीच्या अंकात बाबासाहेबांनी स्वच्छ लिहिले आहे की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये.

त्याच सिगालोवाद सुत्तात अवेळी रस्त्यांवर भटकणे आणि सारखे खेळतमाशे धुंडाळणे ही संपत्तीच्या नाशाची दारे म्हटली आहेत, हेही आम्ही लपवत नाही. वर्षातल्या चार रात्री म्हणजे भटकणे नव्हे, इतकेच आमचे म्हणणे.

ज्येष्ठांच्या मनात आणखी एक काटा आहे, तो समजून घेतला पाहिजे. आपल्या बायकांचा झगमगीत शृंगार एके काळी तमाशाच्या बोर्डावर दिसायचा, आणि तो दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी असायचा. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या कार्यासाठी फडाच्या उत्पन्नातून पैसे देऊ केले तेव्हा, आपल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, असे सांगितले जाते. म्हणून आजीला नातीच्या टिकल्यांच्या पदराची भीती वाटते. नातीने हसण्यावारी नेऊ नये. फरक एवढाच की आज कपडा निवडणारी, त्याचे पैसे देणारी आणि त्यात नाचायचे की नाही हे ठरवणारी एकच आहे.

आता थोडे कामाचे.

रात्रीचा पोशाख दिवसाच्या उजेडात निवडू नये. दुकानात ट्यूबलाईटखाली सुरेख दिसणारा गडद निळा रंग रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यात काळा दिसतो आणि माणूस गर्दीत बुडून जातो. आपला निळा उजळ घ्यावा, मोरपिशीकडे झुकणाराही चालेल, आणि त्याला चंदेरी काठ असावा. पांढरा रंग तर रात्री कमाल करतो, कारण रोषणाईचा जो रंग पडेल तो उचलतो. इतरांना पांढरी साडी म्हटले की वैधव्य आठवते. आपल्यात नवरी पांढरी नेसते. पांढऱ्या अंगाची, सोनेरी पदराची पैठणी नेसून बाई मंडपात शिरली तर माना वळल्यावाचून राहत नाहीत.

खरी येवल्याची हातमागाची पैठणी आपल्या खिशाला जड. अर्धरेशमी घ्यायला काहीच हरकत नाही, मात्र दुकानदार ती खरी म्हणून गळ्यात मारत असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्यावा आणि जाळून बघावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. कमळ, हंस, मोर ही पदरावरची नक्षी पाहून घ्यावी. कमळ आपले आहे, अजिंठ्याच्या छतावरही आहे.

थाट एकाच ठिकाणी करावा, हे आम्ही फार पाहून शिकलो. पदर भरजरी असेल तर गळ्यात एक ठुशी बस. साडी साधी असेल तर मोहनमाळ, बाजूबंद, कानांत मोठे झुबे, काय हवे ते. गळा, कान, हात, केस, पदर सगळेच एकदम चमकू लागले की कशावरच नजर ठरत नाही. एक ग्रॅमच्या दागिन्याची लाज बाळगू नये, पण घामाने तो काळा पडतो, म्हणून घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेवावा. नाचायचे असेल तर काष्ट्याची नऊवारी सहावारीपेक्षा कितीतरी सोयीची. पदर खांद्याला दोन पिनांनी आणि कमरेला एका पिनेने पक्का करावा, टाचेची चप्पल घरी ठेवावी.

पुरुषांनी सूट घालावा, पण एप्रिलचा उकाडा लक्षात ठेवावा. नागपूरला पॉलिस्टरचा अस्तरबंद कोट घालून दोन तास मिरवणुकीत चालणाऱ्याची अवस्था आम्ही पाहिली आहे. अर्ध्या अस्तराचा कोट शिवून घ्यावा. भाड्याचा किंवा जुना कोट घेतला तर आधी खांदा बघावा. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते; खांदा ढिला असला तर शिंप्याच्याही हातात फारसे काही उरत नाही. ज्याला अधिक हौस असेल त्याने छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडाचे जाकीट शिवावे. सूत आणि रेशीम मिळून विणलेले ते कापड दिव्याखाली फार देखणे दिसते. आणि वरच्या खिशात पेन. याहून सुंदर दागिना आपल्या पुरुषांना मिळायचा नाही.

आता पैसा. सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला राखून. महागाईत एका भागात किराणासुद्धा बसत नाही, हे आम्हाला काय सांगता! म्हणूनच थाटाचा पैसा घरखर्चातून ऐनवेळी काढू नये. मे महिन्यापासून दरमहा दोनशे रुपये बाजूला टाकले तर पुढच्या एप्रिलपर्यंत चोवीसशे होतात. याउलट सावकाराकडून शेकडा पाच दराने पाच हजार उचलले तर दरमहा अडीचशे व्याज, वर्षाला तीन हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. धंद्यासाठी काढलेले बचत गटाचे कर्ज शालूवर खर्चणाऱ्या भगिनीही आहेत. हप्त्याच्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नाही. त्यापेक्षा एका जिन्यावरच्या चार मैत्रिणींनी वेगवेगळ्या चार साड्या घ्याव्यात आणि दरवर्षी अदलाबदल करावी. चार वर्षांत प्रत्येकीच्या अंगावर चार साड्या येतात. ब्लाऊज तेवढा आपापला.

मिरवणूक संपून पहाटे घरी आलात की साडी लगेच घडी करून पेटीत कोंबू नका. रात्रभर वाऱ्यावर टाका, घाम सुकू द्या. जरीवर अत्तर मारू नका, डांबराच्या गोळ्या तिला चिकटून ठेवू नका, जर काळी पडते. जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, इस्त्री उलट्या बाजूने करा, आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्याच रेषेवर रेशीम चिरते. बुद्धपौर्णिमेला ती काढायची नाही, त्या दिवशी पांढरे सुती. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाताना प्रवासात चुरगळेल, तेव्हाही नको. मधल्या काळात नात्यातले एखादे लग्न निघाले तर रिसेप्शनला बिनधास्त नेसा.