समुद्राची पाऊणकी

आमच्या कळंबला समुद्र नाही. कर्जत तालुक्यातल्या या गावातून पश्चिमेकडे पाहिले, की माथेरानचा डोंगर आडवा येतो. जिल्हा रायगड, म्हणजे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनचा. पण आम्हाला समुद्र भेटतो तो आगोटीच्या खरेदीत. पावसाळ्यापूर्वी सुकट, सोडे, वाकट्या आणि बोंबील भरून ठेवायचे, एवढाच आमचा दर्याशी व्यवहार. घरात भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यात आम्ही संकष्टी पाहतो, एकादशी पाहतो, लग्नाचे मुहूर्त पाहतो. तीच दिनदर्शिका किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक म्हणून वाचली जाते, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

कळले तेही फजितीतून. अलिबाग तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या कोळीवाड्यात ओळख निघाली होती. लहान होडीतून मासेमारीला एकदा बरोबर न्यायचे, असे तिथल्या एका वयस्क तांडेलाने कबूल केले. दिवस मी ठरवला: कोजागरीच्या पौर्णिमेची पहाट. सुट्टी होती, चांदणे होते, पाऊस सरला होता. तांडेलाने फोनवर ऐकून घेतले आणि म्हणाला, "पुनवेचे सकाली सहाला होरी चिखलान बसलेली आसंल. खांद्यावर घेऊन जाशील काय?"

मग त्याने मला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता भरती. षष्ठी असेल तर सहाचे पाऊण साडेचार: पहाटे साडेचारला भरती आणि पुन्हा संध्याकाळी त्याच सुमारास. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजे पंधरा. पंधराचे पाऊण सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आतबाहेर, आणि सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. खाडीत पाणीच नाही, तर होडी निघणार कशी?

आमच्या आजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करायला लागत असे. सावकाराचा आणि किराण्याचा हिशेब सोडला तर पाऊणकीचा उपयोग काय, असे मला वाटे. कोळीवाड्यात तिचा उपयोग दिसला.

हे गणित का चालते, ते पाहण्यासारखे आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, आणि चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतच्या पंधरा तिथींत ती बारा तास सरकून पुन्हा मूळ वेळेवर येते. बारा तास भागिले पंधरा म्हणजे ४८ मिनिटे. ४८ मिनिटांचे गणित तोंडी करणे अवघड, पाऊण तासाचे सोपे. तीन मिनिटांची ही सवलत कोळ्यांनी स्वतःला दिली आणि पंचांगाचे वेळापत्रक झाले. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ. पाणी ज्या दोघांच्या ओढीने हलते, त्यांचाच हिशेब पंचांग ठेवते. त्यामुळे या सूत्रात चमत्कार काही नाही.

वाचकांनी हे सूत्र सणांवर पडताळून पाहावे. दीड दिवसाचे गणपती पंचमीला जातात: पाचाचे पाऊण पावणेचार, म्हणजे दुपार कलताना भरती. अनंत चतुर्दशीला चौदाचे पाऊण साडेदहा. सकाळी साडेदहा-अकराला पाणी चढलेले आणि रात्री पुन्हा तसेच. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचे असेल, तर भरतीच्या वेळेत सहा तास मिळवले की पाणी ओसरल्याची वेळ मिळते.

मात्र हे सूत्र अंदाजाचे आहे, आणि तांडेल ते विसरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच सरकते, अष्टमीच्या आसपास मात्र तासाहून अधिक. त्यामुळे काही तिथींना तासाभराची चूक पडते. शिवाय हे सूत्र मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचे. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, म्हणून गोव्याकडे पाणी आपल्याआधी भरते. पाण्याची चढउतारही सगळीकडे सारखी नाही: खंबायतच्या आखातात ती प्रचंड, मुंबईला उधाणात चार-पाच मीटरपर्यंत, मालवणकडे तिच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून पाऊणकी महिनाभर आधी दिवस निवडायला वापरायची. त्या दिवशी किती वाजता दोर सोडायचा, ते खाडीच्या काठावर उभे राहून पाण्याला विचारायचे.

दिवस निवडताना वेळेइतकाच पाण्याचा जोर महत्त्वाचा. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ते उधाण. त्याचा खरा जोर एक-दोन दिवसांनी, प्रतिपदा-द्वितीयेला दिसतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात येते, पाणी मंद होते, तो भांग. उधाण वाईट आणि भांग चांगला, असे मात्र नाही. बोंबील, जवळा, मांदेली धरणारे डोल जाळे पाण्यात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले असते; ते माशामागे जात नाही, प्रवाहच मासा त्याच्या तोंडात आणून टाकतो. डोलीला उधाण लागते. उलट लहान होडीतून वावरी सोडायची किंवा गळ टाकायचा, तर जोराचे पाणी जाळे ओढून नेते आणि गळ तळाला टिकत नाही. त्याला भांगाकडे झुकलेले दिवस बरे. एकाच कोळीवाड्यात एका घरचा कामाचा पंधरवडा दुसऱ्या घरच्या सुस्तीचा असू शकतो, तो यामुळे.

आता प्रत्यक्ष बेत. आपण प्रवास आखताना निघण्याची वेळ आधी ठरवतो. तांडेल परतण्याची ठरवतो. खाडीच्या मुखाशी वाळूचा किंवा चिखलाचा उंचवटा असतो. त्यावरून होडी आत यायला पाणी चढतेच असले पाहिजे. चढत्या पाण्यात होडी टेकली तरी घटकाभरात सुटते. उतरत्या पाण्यात टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. त्यावर लाटा फुटत असतील तर उलटण्याचे भय. म्हणून परतीची वेळ नक्की करून बाकीचा दिवस तिच्यामागे रचायचा.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. रात्री जमीन लवकर निवते, आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा येतो. म्हणजे पहाटे ओहोटी हवी: पाणी आणि वारा दोन्ही बाहेर नेतील. दुपारी भरती हवी: दोन्ही घरी आणतील. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लहान होडीला त्याच सर्वांत वाईट. आता पाऊणकी लावून पाहा. पहाटे चार-साडेचारला भरती संपून पाणी उतरू लागले पाहिजे, म्हणजे पंचमी, षष्ठी, फार तर सप्तमी. भांग जवळ आलेला, म्हणून पाण्याचा जोरही बेताचा. तांडेलाने मला कोजागरीनंतरची वद्य षष्ठी दिली.

पाणी सहा तासांत उतरते, पण सारख्या वेगाने नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले, तर साधारणपणे पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी जाते. खाडीतून उशिरा निघणाऱ्याला "अजून चार तास आहेत" असे वाटते आणि तो फसतो.

आम्ही साडेपाचला निघालो. पिण्याचे पाणी, भाकरी, बर्फ, नांगर आणि त्याला पुरेसा दोर. इंधन जाण्यायेण्याला लागेल त्याच्या दीडपट. जागा सापडली ती दोन खुणांनी: खांदेरीचा दीपस्तंभ एका ठरावीक झाडीच्या रेषेत आला पाहिजे आणि कनकेश्वराच्या डोंगराचा उतार दुसऱ्या खुणेवर. दोन रेषा छेदतील तिथे नांगर. उजाडले तेव्हा पूर्वेला, धुरकट, डोंगरांची एक रांग दिसली. ते माथेरान आहे, असे तांडेल म्हणाला. आमच्या अंगणातून जो डोंगर समुद्र झाकतो, त्याचीच ही दुसरी बाजू.

पंचांगाला पाणी कळते, वादळ कळत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले. त्रिपुरी पौर्णिमा होऊन नऊ दिवस झाले होते. तिथीच्या हिशेबाने तो भांगाचा, लहान होड्यांच्या सोयीचा काळ. कोकणचे अनेक मच्छीमार त्यात परतले नाहीत. म्हणून आजचा तांडेल पाऊणकीबरोबर हवामान खात्याचा इशारा ऐकतो आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला का, हेही पाहतो. १९९९ साली हैदराबादेत स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था उपग्रहाने पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य मोजून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, ते कळवते. पण ती जागा दूर असली, तर उपयोग मोठ्या यांत्रिक बोटींना. त्या बर्फ भरून कित्येक दिवस बाहेर राहू शकतात. लहान होडीचा पल्ला एका ओहोटीने जाऊन एका भरतीने येण्याइतका. मासा किनाऱ्याजवळ आला तरच तो तिचा. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक बोटींना असते, त्याचे मोल तिला म्हणून अधिक.

आता मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटासह मिळते; तांडेलाचा मुलगा तीच पाहतो, आणि ती पाऊणकीपेक्षा अचूक असते. गणित गेले याचे मला दुःख नाही. पण मोबाइल भरती किती वाजता ते सांगतो. कुठल्या दिवशी जाऊ नये, ते सांगत नाही. पाणी, वारा, जाळे आणि खाडीचे मुख यांचा मेळ घालून "आज नाही" म्हणणे हाच या बेताचा गाभा. माझ्या पौर्णिमेला नकार देताना तांडेलाला अर्धे मिनिटही लागले नाही; त्यामागे मात्र आयुष्यभराची समज होती. ती पुढच्या पिढीकडे जाते आहे का, हा प्रश्न मी त्याला विचारला. त्याने उत्तर दिले नाही. वावरी ओढायची वेळ झाली होती.

जाळ्यात फार काही नव्हते: थोडे बांगडे, दोन शिंगाळे. अकराच्या सुमारास पाणी थांबले, मग वळले. दुपारी खाऱ्या वाऱ्यावर आम्ही खाडीत शिरलो तेव्हा उंचवट्यावर पुरेसे पाणी होते आणि होडी कुठेही टेकली नाही.

लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते. पंधराचे पाऊण सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की दिवेलागण. कळंबला आम्ही अंगणात पणत्या लावत असू, तेव्हा खाडीतले पाणी उतरलेले असेल आणि होड्या चिखलात बसलेल्या असतील. त्या दिवशी कुणाला बाहेर पडायची घाईही नसते.