रिपोर्टवर 'इनडिटरमिनेट' आलं, म्हणजे नक्की काय झालं?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी हा एपिसोड लेखी. अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच.

तर झालं असं, की माझ्या रूममेटला फुफ्फुसाचा टीबी निघाला. दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत झोपतोय. डॉक्टर म्हणाले, "तुझी इग्रा करून घेऊ." चार छोट्या ट्यूबमध्ये जेमतेम एकेक मिलीलीटर रक्त गेलं, आणि रिपोर्टवर आलं: इनडिटरमिनेट. धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही. त्या रात्री झोप कुठली लागतेय!

मग वाचत बसलो. आपल्याला सवय असते जंतू शोधणाऱ्या टेस्टची. थुंकी दिली, त्यात जंतू सापडला की नाही, विषय संपला. इग्रा जंतू शोधतच नाही. ती आपल्या टी पेशींना विचारते, "याला ओळखता का?" आणि टी पेशीची ओळख नुसतं बघून कळत नाही. तिच्यासमोर जंतूचा तुकडा ठेवायचा आणि ती काय करते ते बघायचं. ओळखीचा असेल तर ती इंटरफेरॉन-गॅमा नावाचं प्रोटीन सोडते. तेच मोजायचं.

म्हणून चार ट्यूब. दोन ट्यूबमध्ये टीबीच्या जंतूच्या ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रोटीनचे तुकडे असतात. हीच का? तर ही बीसीजी लशीत नसतात. आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेली, त्यामुळे हातावरची जुनी मांटू टेस्ट कधीकधी उगाच फुगते. (तीही टी पेशींचीच टेस्ट बरं का. ४८ ते ७२ तासांनी जो कडक फुगवटा मोजतात, तो टी पेशींनी गोळा केलेल्या गर्दीचा.) तिसरी ट्यूब रिकामी, म्हणजे पेशी उगाचच किती बडबडतायत ते कळावं म्हणून. आणि चौथी माझी आवडती. हिच्यात राजम्यात सापडणारं एक प्रोटीन असतं, जे ओळख-बिळख न बघता टी पेशींना सरसकट जागं करतं.

३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवायचं, मग इंटरफेरॉन मोजायचं. टीबीच्या ट्यूबमधून रिकामीचा आकडा वजा करून ढोबळमानाने ०.३५ किंवा जास्त आला, तर पॉझिटिव्ह.

माझी गडबड राजमावाल्या ट्यूबमध्ये होती. ती गप्प! याचा अर्थ दोनपैकी एक: माझी प्रतिकारशक्तीच ढेपाळलीये, किंवा पेशी वाटेतच गारठल्या. लॅबला फोन केला तर तिथला दादा सहज म्हणाला, "ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये होत्या ना." अरे! जिवंत पेशींना प्रश्न विचारायचाय आणि तुम्ही त्यांना फ्रीजमध्ये ठेवताय? साखरेची टेस्ट आहे का ही?

याच प्रश्नाची दुसरी पद्धत म्हणजे एलिस्पॉट. यात एका खाचेत अडीच लाख पेशी मोजून सोडतात. खाचेच्या तळाला इंटरफेरॉन पकडणाऱ्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. जी पेशी बोलते तिच्याखाली एक ठिपका उमटतो, एक ठिपका म्हणजे एक पेशी. लाखातल्या चारपाच बोलल्या तरी दिसतात. फ्लो सायटोमेट्री आणखी पुढची: पेशींच्या आतच प्रोटीन अडवायचं, रंगवायचं आणि लेझरसमोरून एकेक पेशी पळवायची, म्हणजे नेमकी कोणत्या जातीची पेशी बोलली तेही कळतं. मात्र मशीन महाग, म्हणून ती जास्त करून संशोधनात.

दुसऱ्यांदा रक्त दिलं, यावेळी फ्रीज नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. तिला समजावलं, "आई, पेशी जंतूला भेटल्यात एवढंच कळलंय. आजार आहे असं ही टेस्ट सांगतच नाही." छातीचा एक्स-रे साफ आला, खोकला-ताप काही नाही. म्हणजे जंतू बहुतेक झोपलेला. अशा लोकांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो, पण त्यात मला जायचं नाहीये.

म्हणून आठवड्यातून एकदा गोळ्या, असे १२ आठवडे. चौथा डोस रविवारी झाला. लघवी केशरी होते, घाबरू नका, ते औषधाचंच आहे.